मापट्याखालचा मामा: घरात घडणारी जादू पडद्यावर कशी उभी करतात

राक्षसाचा महाल किंवा ढगांवरचं गाव कुणी पाहिलेलं नसतं. त्यामुळे तिथं खांब जरा वाकडा असला, उजेड भलतीकडून आला, तरी प्रेक्षक हरकत घेत नाही. घरगुती जादूच्या सिनेमाचं तसं नाही. स्वयंपाकघराचा ओटा किती उंच असतो, पितळी तांब्या हातात किती मावतो, पडवीत दहा वाजता ऊन कुठवर येतं, हे पाच वर्षांच्या पोरालाही पाठ असतं. उडणारी वाटी त्याला चालते. पण उडणाऱ्या वाटीखाली सावली नसेल, तर 'काहीतरी खोटं आहे' हे त्याला लगेच कळतं. नेमकं काय खोटं ते सांगता येत नाही, एवढंच.

या प्रकारच्या सिनेमात जादूवर जेवढी मेहनत लागते, त्यापेक्षा जास्त मेहनत तिच्या शेजारच्या साध्या घरावर लागते. ती कशी, हे एक उदाहरण घेऊन पाहू.

त्याआधी थोडा मागचा धागा, कारण तो सांगलीतून जातो. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, आणि ते लाकडी बाहुल्यांचाही खेळ करत. त्यांच्या जुन्या बाहुल्यांची डागडुजी करून त्या पुन्हा नाचवल्या त्या रामदास पाध्ये यांनी. 1993 च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू हा बाहुलाही पाध्यांचाच. दुसरा धागा दादासाहेब फाळक्यांचा. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप एकेक फ्रेम टिपत वाढताना दाखवलं होतं. तिथं ना देव होता ना दानव, नुसती एक कुंडी. आपल्याकडच्या घरगुती जादूचा तो बहुधा पहिला शॉट असावा.

आता उदाहरण. सांगलीजवळ हरिपूर. जुनं घर, मागं कधीकाळचं हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. माळ्यावर धान्य मोजायचं एक पितळी मापटं सापडतं. ते कुणाच्याही सावलीवर पालथं घातलं की तो माणूस आक्रसून मापट्याखाली जातो. साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आलेला मामा अंगणात उभा आहे, आणि दहा वर्षांची भाची गंमत म्हणून त्याच्या सावलीवर मापटं घालते.

इथं पटकथेत दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: नियम आणि किंमत.

नियम असा असावा की मुलाला तो एका वाक्यात दुसऱ्या मुलाला सांगता येईल. 'मिस्टर इंडिया'त (1987) गायब झालेला माणूस लाल प्रकाशात दिसतो. बस, एवढंच. त्या एका नियमावर कितीतरी प्रसंग उभे राहतात. आपला नियम सावलीचा आहे, म्हणजे सुटकाही सावलीनंच व्हायला हवी. सूर्य मावळला की जुनी सावली संपते, दिवेलागणीला नवी पडते आणि मामा मूळ आकारात येतो. यातून सिनेमाला आपोआप मुदत मिळाली. शिवाय एक आडवाटही मिळते. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच जाते. कथा त्या दिवशी घडवली, तर दुपारी काही क्षण मापटं चालणारच नाही. अशी फट भूगोलातूनच मिळत असेल तर ती वेगळी रचत बसू नये.

किंमत मात्र लेखक हमखास विसरतात. जादू फुकट असेल तर तिसऱ्या प्रसंगापासून मुलं विचारायला लागतात, 'मग त्यानं परत तसंच का नाही केलं?' आपल्या गोष्टीत किंमत अशी ठेवू: ज्यानं मापटं पालथं घातलं, त्याची वाचा दिवेलागणीपर्यंत बंद. आता भाचीला सगळं माहीत आहे आणि सांगता काहीच येत नाही. आजी विचारतेय, "अगं मामा कुठं गेला? बोल की!" आणि पोरगी नुसती मापट्याकडं बोट दाखवतेय. आजीला वाटतं, हिला तांदूळ मोजायचेत. या प्रसंगाला एक रुपयाचाही इफेक्ट लागत नाही, आणि सिनेमाचा मधला अर्धा तास यावरच चालतो.

नियम, त्याच्या किंमतीसकट, पहिल्या पंधरा मिनिटांत दाखवून टाकावा, तोही एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर. आधी कोंबडी आक्रसते, मग मामा. कोंबडीनं नियम शिकवला की मामाच्या वेळी समजावत बसावं लागत नाही.

मग मापं. मामा किती लहान होतो हे आकड्यात ठरवल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये. 1 फुटाचा 1 इंच, म्हणजे बारावा हिस्सा, हे प्रमाण सोयीचं. हिशेब तोंडी होतो. मामा 168 सेंमी असेल तर तो होतो 14 सेंमी. आपलं मापटं 12 सेंमी उंच आहे. म्हणजे मामाला आत ताठ उभं राहता येत नाही, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं. हा विनोद कुणी लिहिलेला नाही, मापातून आला. पण एका दृश्यात मामा चमच्याएवढा आणि दुसऱ्यात तांब्याएवढा दिसला, की आधीच्या सगळ्या शॉटवर पाणी पडतं. भिंतीवर एक तक्ता लावून ठेवा: पेढा 4 सेंमीचा, मामाच्या मानानं 48 सेंमीचा, आगकाडीही तेवढीच, ओट्याची 80 सेंमी उंची त्याला जवळजवळ साडेनऊ मीटर, म्हणजे तिमजली घर.

मामा नाहीसा होतो तो शॉट सगळ्यात जुन्या युक्तीनं होतो. पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस यानं 1896 मध्ये पडद्यावर बाई गायब केली ती अशीच: कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, कॅमेरा पुन्हा सुरू. आज थांबवायचीही गरज नाही. चालू ठेवून मधला भाग नंतर कापता येतो. फोन तिपाईवर घट्ट बसवा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. ट्यूबलाइट किंवा बल्ब लागलेला असेल तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर, म्हणजे एकेक फ्रेम टिपायचा वेळ, 1/50 सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यानं दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. शटर त्याच्याशी जुळलं नाही तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मामा उभा असताना 5 सेकंद, मग भाची आहे तशी गोठते, मामा फ्रेमबाहेर जातो, आणखी 5 सेकंद. शेवटी सगळे बाहेर आणि रिकाम्या अंगणाचे 10 सेकंद. या रिकाम्या शॉटला 'क्लीन प्लेट' म्हणतात. तो घ्यायचा कंटाळा करू नका. पुढं जे काही पुसायचं असेल त्याच्या जागी याच शॉटचा तुकडा बसतो.

फसतं ते असं. दोरीवर वाळणारी साडी हलते आणि कापलेल्या जागी एकदम झटका बसतो. पोरीची वेणी एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते. ढग येतो. घरात असाल तर छताचा पंखा चालू राहतो, आणि हे इतक्या वेळा होतं की पंखा बंद करायचं काम एका माणसाच्या नावावरच लावावं. कापाच्या नेमक्या फ्रेमवर मापट्याचा 'टण्' आवाज बसवला की उरलेला झटका बराचसा लपतो, कारण त्या क्षणी नजर आवाजाकडं जाते.

आता लहान मामा मापट्याशेजारी उभा दाखवायचा. स्वस्तातला आणि अजूनही सर्वांत विश्वासार्ह मार्ग अंतराचा. मापटं जवळ, मामा बारापट लांब. मापटं लेन्सपासून 30 सेंमीवर असेल तर मामा 3.6 मीटरवर. पण फोनच्या मुख्य लेन्सला इतकं जवळचं आणि इतकं लांबचं एकदम स्पष्ट दिसत नाही. मापटं धूसर होतं. म्हणून दोन्ही अंतरं दुप्पट करा: 60 सेंमी आणि 7.2 मीटर. त्यातही शक्यतो रुंद लेन्स वापरा, तिला खोलवर स्पष्ट दिसतं. 7.2 मीटरसाठी अंगण लागतं. वाईजवळच्या मेणवलीसारख्या ठिकाणच्या वाड्यांचे चौक यासाठी उत्तम. 'स्वदेस'चं (2004) चित्रीकरण त्या गावात झालं होतं. फ्लॅटच्या हॉलमध्ये हा शॉट बसत नाही.

अंतर सगळे पाळतात, उंची चुकवतात. मामाचे पाय टेबलावर टेकल्यासारखे दिसायचे असतील तर लेन्सपासून जमिनीचं खालचं अंतर हे लेन्सपासून टेबलाच्या खालच्या अंतराच्या बारापट हवं. टेबल 80 सेंमी उंच असेल तर लेन्स टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण 7 सेंमी वर येते. मापटं टेबलाच्या पलीकडच्या कडेवर ठेवायचं, म्हणजे त्या कडेवरच मामाचे पाय येतात. लेन्स 15 सेंमी वर गेली की मामा टेबलाच्या वर तरंगायला लागतो. 3 सेंमीवर आली की त्याचे पाय कडेमागं बुडतात. फोन पालथ्या वाटीवर टेकवून, खाली कागदाच्या घड्या सरकवत हे जमवावं लागतं. टेबलावर अंगणातल्या फरशीच्याच रंगाचं कापड घातलं तर मागची जमीन त्यात मिसळून जाते. आणि कॅमेरा हलवायचा नाही. जरा बाजूला सरकला तरी जवळचं मापटं झपकन सरकतं, लांबचा मामा जागचा हलत नाही, आणि युक्ती उघडी पडते.

नजर हीसुद्धा मापानंच येते. मामानं मापट्याच्या काठाकडं बघायचं आहे, पण खरं मापटं त्याच्यापासून सहा-सात मीटरवर, आणि भलत्याच दिशेला. म्हणून काठीला रंगीत चिकटपट्टी लावून एकजण फ्रेमबाहेर उभा राहतो. स्क्रीनवर बघणारा सांगतो, 'अजून वर, अजून डावीकडं', आणि मामा त्या पट्टीशी बोलतो.

या सगळ्यात उजेडाचा घोळ उरतोच. उघड्या उन्हात मापट्याची सावली टेबलावर पडते आणि मामाची अंगणाच्या जमिनीवर; दोन्ही जुळत नाहीत. हा शॉट ढगाळ उजेडात किंवा चौकावर पांढरं कापड ताणून घ्यावा. साताऱ्याकडं पावसाळ्यात पाऊस थांबलेल्या वेळी जो पसरलेला, बिनसावलीचा उजेड असतो तो याला अगदी नेमका. पण आपली कथाच सावलीची, त्यामुळे सगळे शॉट असे घेऊन चालणार नाही. जिथं कडक सावली दिसायलाच हवी तिथं हिरव्या पडद्याकडं जावं लागतं: मामाला हिरव्या कापडासमोर वेगळं टिपायचं, मग संगणकावर हिरवा भाग कापून त्याला घराच्या शॉटमध्ये बसवायचं.

हिरवाच का, तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंग टिपणाऱ्या ठिपक्यांपैकी निम्मे हिरव्यासाठी असतात आणि पाव-पाव लाल-निळ्यासाठी. त्यामुळे हिरव्याची कड सर्वांत स्वच्छ कापली जाते, आणि माणसाच्या त्वचेत तो रंग फारसा नसतो. कापड इस्त्री केलेलं हवं. सुरकुतीची सावली म्हणजे गडद हिरवा, आणि संगणक तो वेगळा रंग समजतो. मामा कापडापासून निदान 2 मीटर पुढं उभा राहावा, नाहीतर हिरवी झाक त्याच्या मानेवर आणि कानांवर चढते. कापडावर वेगळे दिवे, मामावर वेगळे. मामाच्या हातात विड्याचं पान दिलंत तर ते पडद्यावर गायब होईल. आणि पितळेची वस्तू तर हिरव्यासमोर आणूच नये. ती आरशासारखी हिरवं घेते, मग कापताना भांड्याला भोकं पडतात. खरं मापटं घराच्या शॉटमध्ये, मामा एकटा हिरव्यासमोर.

इथंही बारापट पाळायची. घरातल्या शॉटमध्ये लेन्स मापट्यापासून 40 सेंमीवर आणि ओट्याच्या 10 सेंमी वर असेल, तर मामाचं चित्रण 4.8 मीटरवरून आणि जमिनीपासून 1.2 मीटर उंचीवरून. लेन्स तीच, झूम न करता.

उन्हाची दिशा पेन्सिलनं जुळवतात. घराचा शॉट घेताना ओट्यावर 10 सेंमीची पेन्सिल उभी करून सावली मोजून ठेवा: किती लांब, कुठल्या बाजूला. सावली 10 सेंमी असेल तर ऊन 45 अंशांवरून येतंय. मग हिरव्या पडद्यासमोर तीच पेन्सिल उभी करून, तिची सावली तेवढीच आणि त्याच बाजूला पडेपर्यंत मुख्य दिवा वरखाली करा. दिवा जितका लांब आणि जितका लहान, तितकी सावलीची कड धारदार. मोठ्या सॉफ्टबॉक्सनं, म्हणजे पुढं पांढरं कापड लावलेल्या पेटीतल्या दिव्यानं, ऊन कधी बनत नाही. दिवसभर चित्रण चाललं तर पेन्सिल दर अर्ध्या तासानं पुन्हा मोजा, कारण सूर्य तासाला 15 अंश सरकतो. सकाळी मोजलेल्या सावलीवर दुपारचे शॉट जुळवणं ही नेहमीची चूक आहे.

मामाची सावली ओट्यावर नंतर बसवायची असते, तेव्हा ती पूर्ण काळी करू नका. काळ्या कडप्प्यावर ती जवळजवळ दिसतच नाही, पांढऱ्या टाइलवर राखाडी दिसते. शेजारच्या मापट्याच्या सावलीचा रंग उचलून तोच द्या. जिथं तळवे टेकतात तिथली बारीक गडद रेघ सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर बाकी सगळं अचूक असूनही मामा चिकटवलेला वाटतो.

जवळच्या शॉटसाठी, म्हणजे मामा पेढ्याला टेकून बसलाय वगैरे, खरोखरच मोठी वस्तू बनवलेली बरी. मुलांना हात लावता येणारी गोष्ट आणि संगणकातली गोष्ट यांत फरक कळतो, आणि नटालाही. पूर्ण मापटं बनवलं तर 144 सेंमीचं होईल. त्याची गरज नाही, काठाचा 3 फुटांचा तुकडा आणि एक मोठा पेढा पुरे. ही कामं सांगली-मिरजेकडं करून घेणं सोपं आहे: गणपतीत हलते देखावे आणि मिरजेच्या त्या उंच स्वागत कमानी उभ्या करणाऱ्यांना फोम, थर्माकोल आणि कागदाच्या लगद्याची सवय असते. पेढा फोमचा, वर भाजक्या खव्याचा रंग आणि लाकडाच्या भुशाचा रवाळ थर. चूक होते ती गुळगुळीतपणाची. बारापट मोठी वस्तू बारापट खडबडीत दिसायला हवी.

पाणी आणि ज्योत मोठी करता येत नाही. थेंब थेंबाएवढाच राहतो. मामा पाण्याच्या थेंबात भिजतो असं लिहिलंत तर तो शॉट महाग पडणार हे आधीच धरून चाला. मोठी वस्तू पडतानाही असाच फरक पडतो: 9 इंचांवरून पडायला साधारण 0.22 सेकंद लागतात, 9 फुटांवरून 0.75. मोठ्या केलेल्या सेटवरची वस्तू म्हणूनच रेंगाळत पडते. मामाच्या नजरेतून शॉट असेल तर ते छानच, सगळं अजस्र वाटतं. पण लगेच पुढच्या शॉटमध्ये तीच वस्तू भाचीच्या नजरेतून पटकन पडली, तर दोन्हींच्या मध्ये आजीचा चेहरा तरी टाका.

खोली फिरवण्याचा प्रकारही आहे. 'माय डिअर कुट्टीचाथन' (1984) या भारतातल्या पहिल्या थ्रीडी सिनेमात मुलं भिंतीवर आणि छतावर चालतात, त्यासाठी अख्खी खोलीच फिरवली होती, कॅमेऱ्यासकट. आपल्या बजेटचं ते काम नाही.

वस्तू उडवायला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा. एकावर वस्तू गरगरते, म्हणून दोन धागे, आणि दुप्पट वजन टांगून आधी तपासणी. धागा चमकतो तो मागून उजेड आला की. दिवा पुढं घ्या, उरलेला क्लीन प्लेटनं पुसा.

मामाच्या आवाजाबद्दल दोन वाक्यं, कारण तिथं सरसकट चूक होते. आवाज वेगानं पळवून चिरका करू नका. पाच मिनिटांनी कान किटतात आणि संवाद कळेनासे होतात. साध्या आवाजात रेकॉर्ड करा, छोटा ब्लूटूथ स्पीकर खऱ्या मापट्याखाली ठेवून तो आवाज वाजवा आणि बाहेरून पुन्हा रेकॉर्ड करा. पितळेचा घुमारा आपोआप येतो. मापटं उचललं की तोच संवाद मूळ रेकॉर्डिंगवरून, फक्त खालचा जाड भाग कमी करून वापरा.

पेवाचा मोह होणारच: अंधार, अरुंद तोंड, आत उतरणारी पोरगी. खऱ्या पेवात कुणालाही उतरवू नका, मुलांना तर नाहीच. बंद पेवातली हवा श्वासाला पुरेशी नसते आणि ते आत गेल्यावरच कळतं. तोंडाचा शॉट वरून खऱ्या जागी घ्या, तोही फळ्या टाकून. आतला भाग खोलीत, भिंतींना चिखलाच्या रंगाचं गोणपाट लावून.

चित्रणाचा क्रम कथेचा नसतो, उन्हाचा असतो. सकाळी पेन्सिलएवढी सावली असताना अंगणातले सावलीचे शॉट, ढग आले की अंतराचे, दुपारी घरात आजीचे. दिवेलागणीचा प्रसंग दोन संध्याकाळी वाटून घ्या. आकाशात निळा उजेड आणि घरात दिव्याचा पिवळा, असा तोल जेमतेम वीस मिनिटं टिकतो, आणि मामा मोठा होतो तो शॉट पहिल्या खेपेत बसेलच असं नाही. त्या वेळी व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोनची उजेडाचा रंग जुळवायची सोय, लॉक करा, नाहीतर फोन पिवळा उजेड स्वतःच पांढरा करून टाकतो.

पहिला कच्चा काप तयार झाला की तो आवाज बंद करून आठ-दहा वर्षांच्या मुलांना दाखवा आणि मध्येच थांबवून विचारा: मामा आता केवढा आहे? बोटांनी दाखवायला सांगा. उत्तरं वेगवेगळी आली तर माप कुठंतरी सुटलंय. तक्ता घेऊन शॉट पुन्हा तपासा. पोरगी बोलत का नाही हेही विचारा. ते मुलांना सांगता आलं नाही तर घोळ कॅमेऱ्यात नाही, कोंबडीच्या प्रसंगात आहे. तो पुन्हा लिहावा लागेल.